म्हाताऱ्याने गिळलेले शब्द

वहिनीच्या ऑफिसातल्या टेबलावर कामाचा ढीग कधी दिसायचा नाही. एक पडदा, एक कीबोर्ड आणि साय धरलेला चहा. बघणाऱ्याला वाटावं, बाईंचं बरं आहे. ढीग होता तो पडद्याच्या आत. तो उपसता उपसता मान धरायची, डोळे चुरचुरायचे, आणि घरी आल्यावर ‘काय केलंस आज?’ असं कुणी विचारलं तर दाखवायला हातात काही नसायचं.

कंपनी विणकामाच्या मशीनसाठी प्रोग्राम लिहायची. स्वेटर, मफलर, हातमोजे विणणारी मोठाली मशीनं. मशीनपुढे बसलेली बाई लहानशा पडद्यावर नमुना लिहायची, तोही मोजक्या शब्दांच्या भाषेत. रंग लाल, ओळी २०, रंग करडा, ओळी ४, पुन्हा. हे शब्द आणि त्या सुया यांच्यामधे एक प्रोग्राम बसलेला असायचा. बाईने लिहिलेलं वाचायचं, अर्थ लावायचा आणि सुयांना सांगायचं, एवढंच त्याचं काम. त्याला पार्सर म्हणतात. ऑफिसात त्याला सगळे म्हातारा म्हणायचे.

एक तर तो ऑफिसातल्या सगळ्यांपेक्षा जुना. दुसरं म्हणजे त्याची ऐकण्याची तऱ्हा. ओळखीचा शब्द आला की चटकन ऐकू यायचा. अनोळखी शब्द आला की तो गुपचूप गिळायचा, मान डोलवायचा आणि पुढे जायचा. विचारणं नाही, तक्रार नाही.

ज्यांनी त्याला असा घडवला ते काही वेडे नव्हते. विणता विणता मशीन मधेच थांबलं तर लोकरीवर आडवी रेघ उमटते, ती धुऊन जात नाही आणि इस्त्रीनेही जात नाही. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की काहीही होवो, थांबायचं नाही. मग ते एकेक करून चांगल्या नोकऱ्या धरून निघून गेले, आणि भरल्या घरातलं न बोलणारं माणूस जसं धाकट्या सुनेच्या वाट्याला येतं तसा म्हातारा वहिनीच्या वाट्याला आला.

तेव्हापासून तिचा रविवार तिचा राहिला नाही. कुठल्या तरी कारखान्यातून फोन यायचा. मॅडम, बाही एकच विणली. मॅडम, किनार आलीच नाही. मग वहिनी हातातलं टाकून नमुना मागवायची आणि म्हाताऱ्याने काय गिळलंय ते शोधत बसायची. शाळेच्या स्वेटरचा एक अख्खा गठ्ठा असाच किनारीशिवाय निघाला. लिहिणाऱ्या बाईने ‘राखाडी’ लिहिलं होतं आणि म्हाताऱ्याला फक्त ‘करडा’ माहीत होता. शाळेने गठ्ठा परत पाठवला, आणि ऑफिसात एकदाची जाग आली.

“मॅडम, आता साफसफाई करून टाकू,” नवा साहेब म्हणाला. तो वयाने तिच्या भाच्याएवढा होता, पण त्याच्याही डोळ्यांखाली काळं यायला लागलं होतं. “आतला सगळा कचरा काढा. आणि ते गिळणं बंद. अनोळखी शब्द आला की सरळ सांगायचं, हे मला कळत नाही. महिनाअखेरपर्यंत.”

“आणि रेघ उमटली म्हणजे?”

“आधी सगळा नमुना वाचायचा, मग पहिली सुई हलवायची. म्हणजे थांबला तरी काही विणायच्या आधीच थांबेल.” मग तो जरा हसला. “रविवारी तुम्हाला कुणाचा फोन येणार नाही बघा.”

बाकीचं वहिनीने नेहमीसारखं अर्ध्या कानाने ऐकलं. शेवटचं वाक्य मात्र ती घरापर्यंत घेऊन आली, एखादं हळवं फळ पिशवीत सगळ्यात वर ठेवावं तसं.

*

दुसऱ्याचा जुना कोड साफ करणं म्हणजे कुणी तरी घाईने शिवलेलं उसवत बसणं. कोणता टाका कापडाला धरून आहे आणि कोणता उगाच आहे, ते ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. एकच काम करणारे तीन तुकडे तीन ठिकाणी होते, आणि तिन्हींत थोडा थोडा फरक. एका जागी नुसतंच लिहिलेलं, ‘हे हलवू नये.’ का, ते लिहिणाराच जाणे. एका नावात ‘तात्पुरतं’ असा शब्द होता आणि तो वहिनीच्या लग्नाच्याही आधीपासून तिथे मुक्काम ठोकून होता. वहिनी एक धागा ओढायची, सगळ्या चाचण्या चालवून बघायची, काही उसवलं नाही ना याची खात्री करायची, की पुढचा धागा. दुपारपर्यंत तेच आणि दुपारनंतरही तेच.

मशीनच्या पॅनेलवर गाठीचं चित्र असलेलं एक बटण होतं. धागा जोडून गाठ मारली की बाईने ते दाबायचं, अशी एके काळची पद्धत. ती पद्धत कधीच बंद पडली होती, पण म्हाताऱ्याच्या पोटात त्या बटणासाठी लिहिलेला कोड तसाच होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. शुक्रवारी वहिनीने तो काढून टाकला. तेवढ्या दिवसांत तिला बरं वाटलेलं ते एकच काम.

सगळ्यात आत, अगदी काळजाशी म्हणावं अशा जागी, एक रिकामा कंस होता. शब्द रंग असेल तर हे कर, आकडा असेल तर ते कर, पुन्हा असेल तर मागे जा, आणि यातलं काहीच नसेल तर, पुढे कंस, आणि कंसात काही नाही. म्हातारा गिळायचा तो इथे. वहिनी त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. इतक्या वर्षांचे तिचे रविवार त्या कंसात गेले होते. मग तिने तिथे लिहिलं, ‘थांब आणि कोणता शब्द ते सांग.’

*

घरी वन्सं होत्या. नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही की झालं नाही, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. त्या स्वेटरच्या कारखान्यात दिवसपाळीला मशीनवर बसायच्या, आणि ते मशीन वहिनीच्याच कंपनीच्या प्रोग्रामवर चालायचं. त्यामुळे घरात कुणाला शिंक आली तरी त्या म्हणायच्या, “वहिनीच्या म्हाताऱ्याचंच काही तरी असेल.”

“काय केलंस आज?” त्या संध्याकाळी वन्संनी विचारलं. त्या लोकरीची गुंतलेली लड गुडघ्यांत धरून सोडवत होत्या. कारखान्यात दिवसभर लोकर, घरी आल्यावरही लोकर.

“जळमटं काढली.”

“कुणाच्या घरची?”

“म्हाताऱ्याच्या.”

“एवढी शिकलीस, आणि करतेस काय तर परक्या म्हाताऱ्याची न्हाणीधुणी!” वन्सं हसल्या. “तरी बरं, घरात सासरा नाही. नाही तर कुठे कुठे पुरली असतीस!”

वहिनीलाही हसू आलं. त्या हसण्याच्या भरात ती सहज सांगून गेली की आता अनोळखी शब्द चालायचा नाही, मशीन सुरूच होणार नाही.

वन्संचा हात लडीत थांबला. “कुठलाच नाही?”

“कुठलाच नाही. का हो?”

“काही नाही.” त्या पुढची गाठ शोधायला लागल्या. ती सुटल्यावर म्हणाल्या, “मग आम्ही बोलायचं कुठे?”

तेव्हा वहिनीला कळलं. फोन आला की तिला नमुन्यांत कधी ‘चहा’ असा शब्द सापडायचा, कधी ‘कोंबडा’. बायका चाळा म्हणून काही तरी टंकत असतील, असं ती समजायची. तो चाळा नव्हता. मशीन एक आणि बायका दोन, एक दिवसाची, एक रात्रीची. एकीने अर्धवट सोडलेला गठ्ठा दुसरीने पुढे न्यायचा. काय झालं, काय राहिलं ते सांगायचं कुठे? तर नमुन्यातच. धागा ओला आहे, जपून. डावीकडची सुई रुसली आहे. म्हातारा गिळतो हे त्यांना फार आधी कळलं होतं. कामाचं लिहिता लिहिता घरचं आलं, आणि घरच्यामागून गाणं आलं. सुपरवायझरला त्यांनी कोंबडा नाव ठेवलं होतं, कारण तो आरवायचा फार.

“पण त्यातही पथ्य असतं,” वन्संनी सांगितलं. “त्याच्या ओळखीचा शब्द बोलण्यात येऊ द्यायचा नाही. एकदा मी लिहिलं, ते ‘र’पासूनचं आणि त्यापुढे तांबड्याला तो म्हणतो ते, तर त्याने माझ्या बोलण्याची पट्टी विणली की गं बाहीवर!”

वहिनी बघतच राहिली. ‘रंग लाल’ एवढं वन्सं आत्ताही तोंडाने म्हणत नव्हत्या. घरातसुद्धा त्या लाल म्हणत नसत, तांबडा म्हणत. पुन्हा म्हणत नसत, परत म्हणत. इतकी वर्षं एका घरात काढली, आणि तिला वाटत होतं ती वन्संची बोलण्याची ढबच आहे.

“कोण आहे ती रात्रीची?”

“रातवाली. आणि मी दिवसवाली.”

“बघितलंय कधी?”

“कशी बघणार? जी गाडी आम्हाला घरी सोडते तीच त्यांना घेऊन येते. मी उतरते तेव्हा ती चढते, गावाच्या त्या टोकाला.”

“मग फोन नंबर तरी घ्यायचा.”

“आकडे लिहिले की विणायला लागतो ना तुझा म्हातारा!”

“अक्षरांत लिहायचे.”

“एवढं सुचलं असतं तर तुझ्यासारखी खुर्चीत नसते का बसले?” वन्संनी लड बाजूला ठेवली. मघाचं हसू आता चेहऱ्यावर नव्हतं. “कर तू बंद. तसंही आता कोण बोलतंय!”

हळूहळू बाहेर आलं. मागच्या महिन्यात एका सकाळी वन्संना लोकरीत एक ढोबळ गाठ सापडली. त्यांनी लिहून ठेवलं, ‘बाई, ही गाठ मारलीस की डोंगर घातलास?’ चेष्टाच होती, त्यांच्यात चालायची. पण त्या दिवसापासून रातवालीचा शब्द नाही. वन्संनी चार प्रकारे लिहून बघितलं. आधी विनोद केला, मग धाग्याची चौकशी, आणि शेवटी सरळ पायच धरले.

“माझी जीभ,” वन्सं म्हणाल्या. “घरात तुम्ही सहन करता. तिने का करावी?”

वहिनी खूप दमली होती, आणि दमलेल्या माणसाला दुसऱ्याचं दुःख कळतं पण उचलवत नाही. तिने फक्त लडीचं दुसरं टोक धरलं.

*

रविवारी फोन आला नाही, कारण वहिनी स्वतःच कामाला बसली होती. साफ केलेला म्हातारा सोमवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, हातावेगळा करायचा होता. त्याआधी त्याला खरे नमुने वाचायला देणं भाग होतं, म्हणून वन्संच्या कारखान्याने आपले सगळे नमुने पाठवून दिले होते. वहिनीने ते म्हाताऱ्यापुढे ठेवले आणि चहाचं आधण टाकायला उठली. परत येऊन बघते तर पडदा भरून वाहत होता. हा शब्द कळत नाही. हा शब्द कळत नाही. हाही नाही.

वर्षानुवर्षं गिळलेलं सगळं म्हातारा बाहेर टाकत होता. ऊन. नणंद. गुडघा. कोंबडा. झोप. कोंबडा.

तिने डोकं हातात धरलं. यातली खरी चूक कोणती आणि बोलणं कोणतं? ‘जांभळा’ हा कुणी मागितलेला रंग असेल, की एखादीने आवारातल्या झाडाचा जांभळा बहर बघितला असेल? कोणता प्रोग्राम हे सांगणार होता? जिवंत माणसाने बसून एकेक शब्द वाचायचा, दुसरा इलाज नव्हता. गेला हाही रविवार.

“वन्सं, जरा बसता का इथे?”

वन्सं पदराला हात पुसत आल्या. पडद्यावर बघितलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लालीलाल झाल्या. “अगं बाई! हे सगळं तू वाचलंस?”

“अजून नाही. तुमच्याशिवाय मला कळायचं नाही.”

“नवऱ्याला तुझ्या दाखवू नकोस. त्याच्यावरही आहे एक.”

मग दुपारभर दोघी बसल्या. वहिनी शब्द वाचायची आणि वन्सं निवाडा द्यायच्या. “हे बोलणं. हे बोलणं. ही चूक, ती नवी पोरगी असेल. हे बोलणंच, पण वाचू नकोस, पुढे चल.” बोलणं वेगळं काढता काढता काही तुकडे पडद्यावर एकापाशी एक येऊन थांबत.

‘सूत ओलं, हात गार, खिडकी लावते ग
सकाळी तू येशील तर ऊन घेऊन ये ग’

“हे तिचं,” वन्सं म्हणाल्या. “हिवाळ्यातलं.”

“आणि हे?”

‘गाठीला म्हटलं डोंगर, चुकलं माझं बाई
किती दिस झाले, तुझा बोल कसा नाही’

वन्सं खिडकीकडे बघायला लागल्या. वहिनीने पटकन पुढची फाइल उघडली.

पुढची फाइल हातमोज्यांची होती. “ही नको बघूस,” वन्सं म्हणाल्या. “आम्ही हातमोजे करत नाही.”

“शब्द तर आहेत इथे.”

“कुणाचे असणार?”

वहिनीने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला तिचा आवाज बारीक झाला. ‘बाई, कोंबड्याने रात्रीला हातमोजे लावलेत. स्वेटर फक्त दिवसाला. आता इथे लिहीत जा.’ खाली, ‘तुझं डोंगराचं वाचत होते तोच त्याने नमुना बदलला. हसून पुरेवाट झाली. हाताला कंप सुटतो आता, म्हणून डोंगर.’ त्याखाली, ‘वाचलंस का?’ त्याखाली बरंच अंतर सोडून, ‘रागावलीस?’

मशीनच्या पडद्यावर सुपरवायझरने लावलेला नमुना तेवढाच उघडतो, हे वहिनीने स्वतःच कुठल्या तरी सूचनापुस्तकात लिहिलं होतं. दिवसवाली स्वेटरच्या फाइलीत क्षमा मागत राहिली आणि रातवाली हातमोज्यांच्या फाइलीत वाट बघत राहिली. मशीन एकच होतं, खुर्चीही एकच. आणि म्हातारा दोघींचं गिळत, दोघींपुढे मान डोलवत बसला होता. त्याने एकदा, फक्त एकदा म्हटलं असतं की हे मला कळत नाही, तर कुणी तरी उठून बघितलं असतं.

“बोलली होती गं ती,” वन्सं म्हणाल्या. “पहिल्याच दिवशी बोलली होती.”

“अजून आहे खाली.”

“वाच.”

‘डोळे दमले. महिन्याची शेवटची रात्र तीच माझीही शेवटची. मग मुलीकडे. रागावली असशील तरी वाच.

दिवस तुझा, रात्र माझी, मधे एक दार
तुझ्या उशीच्या खळग्यात माझा बसे भार’

“कुठली उशी?” वहिनीने विचारलं.

“खुर्चीवरची. मी शिवून नेली होती, कंबरेसाठी. दबून दबून पार खळगा पडलाय.” वन्संनी पदर तोंडाशी नेला, आणि तसंच विचारलं, “शेवटची रात्र म्हणजे?”

“उद्याच.”

वन्सं उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. भांडी घासलेलीच होती.

वहिनी पडद्यापुढे एकटी उरली. तिने केलेली साफसफाई बरोबर होती, यात तिला शंका राहिली नव्हती. गिळणं वाईटच. पण उद्यापासून, कुठल्याही कारखान्यात, कुणी बाई ‘सूत ओलं’ असं लिहील आणि मशीन सुरू व्हायला नकार देईल. मग त्या बायका लिहिणं सोडून देतील. गप्प बसायची सवय लवकर लागते. तशी पार्सरच्या भाषेत टीप लिहायची सोय होती, त्यासाठी एक चिन्ह ठरवलेलं होतं. पण ज्यांनी ते ठरवलं त्यांनी मशीनचं पॅनेल कधी बघितलं नसावं, कारण त्या चिन्हाचं बटणच पॅनेलवर नव्हतं.

पॅनेलवर बिनकामाचं बटण होतं ते एकच. गाठीचं. आणि ते वाचणारा कोड तिने शुक्रवारी, मोठ्या समाधानाने, काढून टाकला होता.

वहिनीने जांभई दिली. खुर्ची पुढे ओढली आणि काढलेलं परत बसवायला घेतलं. जसं होतं तसं नाही, नव्याने, नीट. गाठीचं बटण दाबून जी ओळ सुरू होईल ती माणसांची. ती सुयांना सांगायची नाही, गिळायचीही नाही, कुठल्याही नमुन्यात लिहिलेली असो, मशीन सुरू होताना पडद्यावर दाखवायची. मग जुन्या फाइलींत जिथे जिथे बोलणं होतं तिथे तिथे, एकेका ओळीपुढे, ती हाताने गाठ घालत गेली. ‘नणंद’ असलेल्या ओळी तिने सगळ्या वाचल्या, आणि दोन ठिकाणी तिला मनापासून हसू आलं.

आतून वन्संचा आवाज आला. “झालं नाही अजून?”

“होतंय.”

“चहा ठेवू का परत?”

“ठेवा.”

*

सोमवारी साहेबाने सगळं बघितलं. वहिनी त्याच्या मागे भिंतीला टेकून उभी होती. बसली असती तर झोप लागली असती.

“छान झालंय. अर्ध्याहून कमी कोड उरलाय, मॅडम.” मग तो थांबला. “हे गाठीचं काय? मशीनवर गप्पा मारायची सोय करून दिलीत?”

“धागा ओला आहे, सुई वाकली आहे, हे बायकांनी लिहायचं कुठे? जागा नाही दिली तर त्या नमुन्यात घुसडणार. मग म्हातारा रोज अडणार, आणि रोज मला फोन.”

“पण धाग्याचंच लिहितील कशावरून?”

“नाहीच लिहिणार,” वहिनी म्हणाली. तिच्यात खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. “तुम्ही कामाच्या मेलमधे नुसतं कामाचंच लिहिता?”

साहेबाने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. त्याचाही दिवस सकाळी फार लवकर सुरू झाला होता. “राहू दे,” तो म्हणाला आणि मंजुरीचं बटण दाबलं. “जा आता घरी. अवतार बघा तुमचा.”

घरी येऊन तिने पाय वर घेतले, तोच फोन वाजला. वहिनीने डोळे मिटले. पहिलाच दिवस, आणि लगेच. काय अडलं असेल? कोणता शब्द?

“मी बोलतेय,” वन्सं म्हणाल्या. “गाडी सोडली मी.”

“म्हणजे?”

“म्हणजे गेली गाडी. मी गेटवर आहे. न्यायला येशील ना?”

वहिनी भिंतीवरच्या किल्लीकडे बघत बसली. गुडघ्यातून कळ आली आणि गेली. “येते,” ती म्हणाली. “जरा वेळ लागेल. वाट बघा.”

“लागू दे वेळ. मी कुठे घाई केली?”

मुद्दामच तिने स्कूटर हळू चालवली. कारखान्याच्या गेटवर दिवा लागला होता. रात्रीच्या बायकांना घेऊन आलेली गाडी रिकामी होऊन कडेला उभी होती. गेटाशेजारच्या बुटक्या कठड्यावर दोन बायका बसल्या होत्या. वन्सं, आणि त्यांच्याहून वयाने थोर, काटकुळी, जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक. मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, तरी पिशवी थोडी थोडी हलत होती. वहिनी लांबच थांबली. दोघी बोलत नव्हत्या. एकमेकींकडे बघतही नव्हत्या. समोरचा रिकामा रस्ता काही तरी सांगतोय अशा त्या बसल्या होत्या.

आत घंटा झाली. रातवाली उठली, वन्संही उठल्या. रातवालीने वन्संच्या गालाला हात लावला. चष्मा अगदी जवळ नेऊन, एखादा बारीक टाका तपासावा तसं त्यांना बघितलं, आणि आत गेली.

वन्सं मागे बसल्यावर वहिनीने विचारलं, “काय बोललात?”

“काही नाही. सुचेचना. इतकं लिहिलं, आणि तोंडाने बोलायचं म्हटल्यावर एक शब्द येईना. शेवटी ती म्हणाली, उशी बदल आता. मी म्हटलं, नाही बदलणार.” मग त्या म्हणाल्या, “म्हणाली, मुलीच्या गावी ये. तिथे भेटू पुन्हा.”

स्कूटर चौकापर्यंत आली. दिवा लाल होता. वहिनीने पाय टेकला, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत वन्संच्या तोंडून ‘पुन्हा’ हा शब्द ती पहिल्यांदा ऐकत होती.

“काय म्हणालात?”

पण वन्संनी तिच्या पाठीला डोकं टेकलं होतं. दिवसभराच्या लोकरीचा वास त्यांच्या केसांना होता. दिवा हिरवा झाला तरी वहिनी क्षणभर तशीच थांबली, त्यांची मान नीट टेकेपर्यंत, आणि मग सावकाश निघाली.